धुरजड चालेल, उलाळ नको : सांगली ते शिरवळ, मागं घरगाडी

निघायच्या आधी

डिसेंबर २०२४. आमच्या दारात घरगाडी येऊन तीन आठवडे झाले होते. घरगाडी हे पोरीनं ठेवलेलं नाव. एका ॲक्सलचा, दोन चाकांचा छोटा ट्रेलर. आत तिघांपुरता पलंग, एक ओटा, दोन खिडक्या. पाटीवर कमाल वजन ७५० किलो लिहिलंय. बोलेरोच्या मागं ५० मिलिमीटरचा बॉल बसवून घेतला, त्यावर घरगाडीच्या दांडीची वाटी बसते.

सेकंडहँड गाडी आली त्या दिवशी घरातले सगळे आत शिरून पलंग बघत होते. आबा एकटे बाहेर. त्यांनी दांडी हातानं थोडी वर उचलली, खाली ठेवली, परत उचलली. "रिकामी बरी हाय. भरल्यावर बघू," एवढंच म्हणाले. आबांनी आयुष्यभर ऊस ओढला. आधी बैलगाडीनं, मग टायरच्या गाडीनं, शेवटी ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून. त्यांचं ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

तयारी केली होती, पण. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, नंबरपाटी वेगळी असते, विमा वेगळा विचारून घ्यावा लागतो. ते सगळं केलं. टायरची नक्षी कोरी दिसत होती म्हणून मी खूश होतो. पंक्चरवाल्यानं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, २२१६. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. आठ वर्षांचे टायर. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, एका जागी उभे राहून उन्हानं वाळतात, आणि बाहेरून चांगले दिसत असतानाच महामार्गावर फुटतात. दोन्ही बदलले. जीपला बाहेर निघालेले लांब आरसे लावले. रात्री दिसावी म्हणून चमकणारी पट्टी चिकटवली, पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल. लाल पट्टीचा बराच रोल उरला, तो ओट्याखालच्या कप्प्यात टाकला.

दोन रविवार विश्रामबागेजवळच्या मोकळ्या मैदानावर रिव्हर्स शिकलो. मागं ट्रेलर असला की सवयीनं फिरवलेलं स्टिअरिंग उलटं काम करतं. त्यावर एकच युक्ती उपयोगी पडली. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. घरगाडीचं बूड डावीकडं न्यायचं तर हात डावीकडं, उजवीकडं न्यायचं तर उजवीकडं. आणि थोडंथोडंच. जीप आणि घरगाडीत कोन फार झाला तर हट्ट न करता पुढं येऊन सरळ करायचं.

पहिला दिवस : सांगली ते कराड

सकाळी सातला जोडणी. वाटी बॉलवर बसली, खटका पडला, पण नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. दांडीचं छोटं चाक फिरवून दांडी वर उचलायची. वाटीबरोबर जीपचं मागचं अंगही वर आलं, तर पकड खरी. मग दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन. वाटी निसटलीच तर दांडी रस्त्यात न घुसता त्या छेदाच्या झोळीत पडते. तिसरी एक बारीक तार असते, ती जीपला अडकवायची. घरगाडी सुटली तर तीच तिचा ब्रेक ओढते. हिनं मागं उभं राहून दिवे बघितले, "डावा, उजवा, ब्रेक, सगळे लागतायत." पोरीनं वहीत पाच खुणा केल्या. वही तिची. जिथं थांबू तिथं हीच उजळणी करायची असं तिचं तिनंच ठरवलं होतं.

सामान आम्ही सोयीनं भरलं होतं. वीस लिटरचे पाण्याचे तीन कॅन, आणि शिरवळला ताईकडं द्यायच्या बेदाण्याच्या पंधरा-पंधरा किलोच्या दोन पेट्या. मागचं दार मोठं, त्यामुळं सगळं मागंच ठेवलं. काढायला सोपं.

आष्टा, इस्लामपूर. कारखाने जोरात सुरू. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, मधूनच चार कांड्या सांडलेल्या. या रस्त्यावर वेग आपोआपच चाळीसच्या आत राहतो, त्यामुळं काहीच जाणवलं नाही. वळणावर तेवढं कळलं की घरगाडी जीपच्या मागून येत नाही, आतून कापून येते. इस्लामपुरात एका टपरीचा बाक तिच्या चाकापासून वीतभर लांब राहिला. पुढच्या वळणापासून जीप आधी सरळ पुढं नेऊन मगच वळवायला लागलो.

पेठनाक्यावर चहा घेतला आणि महामार्गाला लागलो. चौपदरी रस्ता, मोकळी हवा. नेर्लं मागं पडलं. काटा सत्तरच्या थोडा पुढं गेला होता. उतार लागला आणि उजवीकडून एक स्लीपर कोच जोरात गेली.

आधी घरगाडीचं बूड डावीकडं ढकललं गेलं. बस पुढं सरकली तसं ते तिच्याकडं ओढलं गेलं. मला वाटलं, आता सरळ होईल. झालं नाही. आरशात घरगाडीची डावी बाजू दिसली, मग उजवी, मग परत डावी, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. जीपचं मागचं अंग घोड्यानं मान झटकावी तसं हलायला लागलं. स्टिअरिंग हलकं झालं होतं. पाय ब्रेकवर जायला निघाला होता, आणि मागच्या सीटवरून आबांचा आवाज आला, "पाय काढ. ब्रेक नगं. हात घट धर."

मी ॲक्सिलेटरवरचा पाय काढला. स्टिअरिंग सरळ धरलं, झोक्याच्या मागं धावून उलटसुलट फिरवलं नाही. साठ. पंचावन्न. झोके लहान झाले. पन्नासच्या खाली आल्यावर घरगाडी शांत झाली, जसं काही घडलंच नव्हतं. सगळं मिळून सात-आठ सेकंद झाली असतील. मागं एक ट्रक होता, त्यानं अंतर ठेवलं होतं. त्या ड्रायव्हरचा चेहरा मला दिसला नाही, पण त्याचे उपकार आहेत.

हे का होतं ते आता मला नीट सांगता येईल. मागं जोडलेल्या गाडीला धक्का बसला की ती झुलते. कमी वेगात तो झोका आपोआप विरतो. एका वेगाच्या पुढं मात्र तो विरत नाही, वाढत जातो. तो वेग किती हे घरगाडीत वजन कुठं ठेवलंय यावर अवलंबून असतं. मागं वजन असेल तर तो वेग खाली येतो. उतारावर आणखी खाली, कारण घरगाडी जीपला ढकलत असते. जोरात ब्रेक मारला तर जीप थांबते आणि घरगाडी थांबत नाही. मग ती बाजूनं पुढं यायला बघते. अशा वेळी जीपही आडवी होते. वेग वाढवून झोका सरळ करायचा सल्लाही लोक देतात. उतारावर, समोर गाड्या असताना, तो धोका कुणी घेऊ नये.

रस्ता सोडून सेवा रस्त्यावर थांबलो. हिनं पोरीला जवळ घेतलं होतं. कुणी काही बोललं नाही. आबा उतरले, मागं जाऊन दार उघडलं, कॅन बघितले, पेट्या बघितल्या. परत पुढं येऊन म्हणाले, "आरं, गाडी उलाळ झालीया."

उलाळ. लहानपणी हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. बैलगाडीत भार मागं गेला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर काही राहत नाही, चढावर तर जुंपणीच बैलांच्या गळ्याला लागते. ती उलाळ. भार पुढं आला की जू मानेवर दाबतं, ती धुरजड. आबा म्हणाले, "धुरजड जरा चालती. बैलाला तरास हुतो, पर गाडी बैलाच्या मागं ऱ्हाती. उलाळ गाडी कुणाचीच ऱ्हात न्हाई."

मी या विषयावर महिनाभर वाचलं होतं. दांडीवरचा भार, टक्केवारी, आकृत्या. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर हवा म्हणतात, युरोपात त्याहून कमी धरतात, आणि बॉल व हूक किती भार सोसतात त्या मर्यादेत तो बसला पाहिजे. सगळं डोक्यात होतं. माझ्याच भाषेतला शब्द त्याला जोडला गेला नव्हता म्हणून ते हातात उतरलं नव्हतं, असं मला मनापासून वाटतं.

चाळीसच्या वेगानं कराडच्या अलीकडं आलो. आमच्या भागाचा एक फायदा आहे, ऊस आणि मुरमाच्या गाड्यांमुळं भुईकाटे जागोजागी असतात. एका भुईकाट्यावर थांबलो. काटेवाल्याला काय करायचंय ते सांगितलं. त्याला आधी नवल वाटलं, मग तो स्वतःच खिडकीतून बाहेर आला. आधी घरगाडी सोडून, दांडीच्या छोट्या चाकासह सगळी काट्यावर उभी केली : ७४० किलो. मग जीपला जोडली, जीप काट्याच्या बाहेर आणि घरगाडीची दोन चाकंच काट्यावर : ७३०. फरक दहा किलो. तेवढाच भार दांडीवर होता, सव्वा-दीड टक्का. अशा मोठ्या काट्याला दहा किलोपेक्षा बारीक कळत नाही, पण कळायला तेवढं पुरे होतं.

तिथंच सावलीत सामान उतरवलं. तीन कॅन आणि दोन पेट्या, नव्वद किलो. ते मागच्या भिंतीपासून काढून चाकांच्या किंचित पुढं, फरशीवर, पलंगाच्या पायाला पट्ट्यांनी आवळून बांधलं. वरच्या कप्प्यातली भांडी खाली आणली. एकूण वजनात एका किलोचाही फरक नाही, सामान जेमतेम दोन मीटर पुढं सरकलं. परत काट्यावर : चाकांवर ६६०. म्हणजे दांडीवर ८० किलो, जवळजवळ अकरा टक्के. बॉलच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेत तो भार बसत होता. आबांनी दांडी उचलून बघितली आणि मान हलवली. त्यांच्या हाताला काट्याआधी कळतं.

पोरीनं आठवण केली म्हणून चाकांचे नटही बघितले. टायर नवे, चाकं कालपरवा काढून बसवलेली. डाव्या चाकाचा एक नट पान्यानं पाव वेढा फिरला. चाक काढून बसवलं की पन्नास-साठ किलोमीटरवर नट परत आवळायचे असतात. मला माहीत होतं, लक्षात मात्र तिच्या राहिलं.

मुक्काम कराडच्या बाहेर मित्राच्या वस्तीवर. संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकदम काटकोनात वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ बराच वेळ बसलो. मला बोलायला सुचत नव्हतं. हिनं एवढंच विचारलं, "उद्या जायचंय ना तुम्हाला? खरं सांगा." मी म्हटलं, "जायचंय. पण साठच्या वर नाही." ती म्हणाली, "मग मी काट्याकडं बघत बसेन."

दुसरा दिवस : कराड ते सातारा

ती खरोखरच काट्याकडं बघत बसली, आणि मला त्याचा आधार वाटला.

सकाळी नदीकाठानं धुकं होतं. ते उठेपर्यंत निघालो नाही. साठचा वेग महामार्गावर हळू वाटतो, मागचे हॉर्न देतात. द्यावेत. डावी लेन धरली, आणि पुढच्या गाडीशी अंतर ठेवलं. मी मोजून ठेवतो : पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की एक ते पाच हळू म्हणायचं, पाच व्हायच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. एकटी जीप असते तेव्हा तीन पुरतात. मागं साडेसातशे किलो असताना थांबायला लागणारी जागा जीपच्या अंदाजानं धरता येत नाही. आपण ठेवलेल्या जागेत दुचाक्या आणि छोटे टेम्पो घुसतात, तेही खरं. मग परत मागं सरायचं. दिवसभर हेच करायचं, आणि त्याचा राग येऊ द्यायचा नाही.

सहापदरीकरणाच्या कामामुळं या पट्ट्यात वळणरस्ते खूप होते. डांबराच्या दोन थरांमधली पायरी जीपला कळत नाही, घरगाडीला कळते. पायरी तिरकी ओलांडली की एक चाक आधी चढतं आणि झोका सुरू होतो. म्हणून शक्य तिथं वेग वीसवर आणून सरळ ओलांडली. पुलाजवळच्या चढउतारावर दांडी खाली घासेल का म्हणून एकदा उतरून बघितलं. कामावरच्या पोरानं पुढं येऊन झेंडा दाखवला आणि मागची वाहनं थोपवली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

तासवडे टोलनाक्यावर कडेची रुंद लेन घेतली. उंब्रज, अतीत, नागठाणे. तीन बस ओलांडून गेल्या. पहिली आली तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. आता बस आरशात दिसली की मी पाय थोडा सैल करतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि वाट बघतो. घरगाडी किंचित हलली, एकदा, आणि थांबली. दुसऱ्या बसला तेवढीही नाही. कालची आणि आजची गाडी एकच होती, सामान एकच होतं, रस्ता त्याच जातीचा होता.

शेंद्रे सोडल्यावर अजिंक्यतारा दिसायला लागला. दुपारी एकच्या आत साताऱ्यात. नात्यातल्या एका घराच्या मोठ्या आवारात घरगाडी रिव्हर्सनं लावली, तीन प्रयत्नांत. आमचा एक नियम आहे, मागं उभं राहून सांगणारं माणूस मला आरशात दिसलं पाहिजे, दिसेनासं झालं की जीप जागच्या जागी थांबवायची. ही एकदा आरशातून बाजूला झाली, मी थांबलो, तर ती एका कुत्र्याच्या पिलाला उचलत होती. पिलू चाकाच्या मागंच होतं.

संध्याकाळी पेढे घेतले, किल्ल्यावर जाऊन दिवे लागलेलं शहर बघितलं.

तिसरा दिवस : वाई

लिंब खिंड, आनेवाडी टोलनाका, पाचवड फाट्यावरून वाई. पाऊण-एक तासाचा रस्ता, काही घडलं नाही.

हिला पाचगणीला जायचं होतं. घरगाडीसकट गेलो असतो तर टेबललँडच्या समोर चहा करता आला असता, हे तिचं स्वप्न होतं आणि माझंही. पसरणी घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबलो. वळणं आखूड, एका अंगाला दरी, आणि शनिवार असल्यानं वर जाणाऱ्या गाड्यांची माळ. मध्ये कुठं परत फिरावं लागलं तर फिरायला जागा नाही. घरगाडी वाईत ओळखीच्यांच्या शेतावर सोडली, चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाऐवजी लाकडी पाचरी लावल्या, आणि नुसती जीप घेऊन वर गेलो. हिनं तक्रार केली नाही. मला मात्र रात्रीपर्यंत रुखरुख होती. एवढी गाडी आणली कशाला, असं मनात येत राहिलं. मग गणपती घाटावर ढोल्या गणपतीपुढं बसलो, कृष्णेचं पाणी शांत होतं, आणि ते जरा निवळलं.

चौथा दिवस : वाई ते शिरवळ

सुरूरला परत महामार्ग. तेव्हा साताऱ्याकडून पुण्याकडं जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून जावं लागत होतं, पुण्याकडून येताना घाट चढून. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि लगेच एस आकाराचं वळण. या वळणानं किती जणांचे जीव घेतले ते या भागात कुणालाही विचारा. कलंडलेले ट्रक मी स्वतः बघितलेत. शेजारी नव्या बोगद्यांचं काम चालू दिसत होतं.

दोन चाकांवरच्या उंच गाडीसाठी असं वळण वाईट असतं. वळण्याची दिशा एकदम बदलते, पहिल्या वळणाचा झोक अजून अंगात असतो आणि दुसरं सुरू होतं. त्यात उतारावर वळणाच्या मध्ये ब्रेक मारला की मागची गाडी पुढं ढकलते. म्हणून सगळा वेग बोगद्याच्या आतच कमी केला, गिअर खाली आणला, तीसनं बाहेर पडलो, आणि वळण संपेपर्यंत ब्रेकला पाय लावला नाही. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. हिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला शांतपणे "थांब, थांब" केलं, आई पोराला करते तसं.

शिरवळला ताईच्या दारात बेदाण्याच्या पेट्या उतरवल्या. उतरवल्यावर आबांनी लगेच दांडीला हात लावला. तीस किलो कमी झाले होते आणि तेही पुढच्या अंगाचे. कॅनमधलं पाणीही निम्मं संपलं होतं. ताईनं दिलेलं तांदळाचं पोतं मग बरोबर पेट्यांच्या जागी ठेवलं. वजन एकदा बसवलं की बसलं असं नसतं, प्रवासात ते रोज बदलतं.

पाचवा दिवस : घाट, आणि पेठनाका

सकाळी नऊला शिरवळ सोडलं. खंडाळ्यापासून खंबाटकी चढलो, दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या मागं. इंजिनाच्या तापमानाचा काटा बघत होतो. तो वर सरकला असता तर थांबलो असतो, पण थंडी होती, तशी वेळ आली नाही.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो तोच गिअर. जीपचा ब्रेक लागेल तिथं, थोडा जोरात आणि थोडाच वेळ दाबायचा, मग सोडून द्यायचा; सतत पाय ठेवून घासत न्यायचं नाही. आमच्या घरगाडीला तिचे स्वतःचे ब्रेक आहेत. जीप हळू झाली की घरगाडी दांडीवर रेटा देते, दांडीचा पुढचा भाग आत सरकतो आणि त्यानंच तिचे ब्रेक दाबले जातात. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, पण आपल्या घाटांसाठी मी ब्रेक असलेलीच गाडी शोधली होती. या व्यवस्थेत एक मेख आहे. घाटात जीप गिअरवर धरून ठेवली तरी घरगाडी रेटा देतच राहते, म्हणजे तिचे ब्रेक उतार संपेपर्यंत थोडेथोडे घासत राहतात आणि तापतात.

म्हणून घाट उतरल्यावर रुंद जागा बघून थांबलो. पोरीनं वही काढली. चाकाच्या मधल्या भागाजवळ मी उलटा हात नेला. उजवं चाक कोमट, अंगाला ऊन लागावं तसं. डाव्याजवळ चार बोटांवरच धग लागली, आणि करपलेल्या पट्ट्यासारखा वास. पोरगी पाण्याची बाटली घेऊन आली. आबांनी तिचा हात धरला, "पानी नगं, बाळ. तापल्यालं लोखंड तडकतंय." अर्धा तास तसंच उभं राहिलो.

सुरूर फाट्यावरच्या गॅरेजमध्ये डावं चाक उचलून हातानं फिरवलं. अर्ध्या फेरीतच थांबत होतं, आतून खरर असा आवाज. बेअरिंग ठीक होतं. निघण्यापूर्वी ब्रेक तपासून घेतले होते, तिथं डाव्या बाजूचा ब्रेक जास्त आवळला गेला होता. म्हणजे पाच दिवस तो चाकाला चिकटून चालला होता. मी रोज नट बघितले, टायर बघितले, पण चाकाजवळ हात कराडनंतर नेलाच नाही. मिस्त्रीनं दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे सैल करून दिले, मग चाक फिरवून माझ्या हातात दिलं, "आता बघा, साहेब." ते मऊ फिरलं. त्या दिवशी पुढं तीन वेळा थांबलो, तिन्ही वेळा दोन्ही चाकं सारखीच कोमट.

यात दोन तास गेले. कराडला चार वाजून गेले, पेठनाक्यावर आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. सांगली चाळीसेक किलोमीटर राहिली होती. मी म्हटलं, जाऊ हळूहळू. पोरीनं वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं : अंधारात ओढायची नाही. हा रस्ता रात्री उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो, त्यातल्या कित्येकांना मागं एक दिवा नसतो. ओळखीच्या ढाबेवाल्याला विचारलं, त्यानं मागच्या आवारात जागा दिली.

आवारात चार ट्रॉल्या उभ्या होत्या, ऊस बाहेर लोंबणारा, ड्रायव्हर आत जेवत होते. आबा जेवण झाल्यावर दिसेनात. बाहेर येऊन बघतो तर ते आणि पोरगी पहिल्या ट्रॉलीच्या मागं. पोरीच्या हातात टॉर्च, आबांच्या हातात तो उरलेला लाल पट्टीचा रोल. आबा धोतराच्या सोग्यानं फळीवरची धूळ पुसत होते, पट्टी अंगठ्यानं दाबत होते. त्यांच्या ऐन उमेदीत त्यांचा एक जोडीदार रात्री मोटारसायकलवरून उभ्या ट्रॉलीवर गेला होता. ट्रॉली आबांच्या ओळखीच्याची होती, पंक्चर होऊन रस्त्यात थांबलेली. ते याबद्दल कधी बोलत नाहीत, मला आईकडून कळलं होतं.

ड्रायव्हर बाहेर आले. एकानं विचारलं, "किती झालं, आबा?" आबा म्हणाले, "काय न्हाई. लोंबणारा ऊस वर बांध, पट्टी झाकत्या त्येनं." तो लगेच दोर काढून वर चढला.

चौथ्या ट्रॉलीपर्यंत रोल संपत आला, हातभर पट्टी उरली. पोरीनं मधोमध लावायला धरली. आबांनी ती तिच्या हातानंच उजव्या कोपऱ्यावर नेली, "हितं लाव. वलांडणारा ह्याच अंगानं येतो."